वाचनालयासमोरची उघडी माती

अठरा वर्षं मी या कॉलेजचं गवत कापते.
कॅन्ससचा वारा कुठून घुसतो, पाणी कुठे मुरत नाही,
कुठल्या बाकाखाली अंगठ्या सापडतात,
सगळं मला वाकून वाकून ठाऊक झालंय.

वाचनालयासमोर, एल्मपासून सात पावलांवर
दोन बुटांएवढी उघडी माती.
तिथे गवत धरत नाही.
तिथे एल्डन फ्रीझन उभा राहतो
सप्टेंबरपासून पहिल्या बर्फापर्यंत,
मंगळवार, बुधवार, गुरुवार.

आवाज म्हणजे तेल न घातलेलं फाटक.
"ए निळा स्वेटर! काल रात्री कुठे होतास?"
निळा स्वेटर हसतो;
काल रात्री तो रसायनशास्त्र घोकत होता.
फलकावर लाल रंगात नरकात जाणाऱ्यांची यादी:
दारुडे, जुगारी, खोटारडे, व्यभिचारी,
आणि खाली जागा उरली म्हणून बारीक अक्षरात
आळशी.
यादी वाचून मी पानं उडवायचं मशीन सुरू करते.

पोरं जमतात. जेवणाची सुट्टी, वर ऊन,
फुकटचा तमाशा कुणाला नको?
कुणी कागदाची शिंगं लावून येतं.
क्वेन्टिन तर ट्युबाच आणतो, बँडमधला,
फ्रीझनने "पश्चात्ताप" म्हटलं की
पितळेच्या पोटातून म्हैस हंबरावी तसा सूर काढतो.
तीन वर्षं चाललंय.
दोघांची लय इतकी जुळलीय की
फ्रीझन आता त्याच्यासाठी थांबतो.

एकदाच, ब्रीना नावाची मुलगी पुढे आली.
"माझा भाऊ मेमध्ये गेला. स्वतःच गेला.
तो कुठे आहे, सांगा."
मी मशीन बंद केलं होतं म्हणून खात्रीने सांगते,
त्याने काहीच सांगितलं नाही.
टोपी काढली. परत घातली.
फलक काखेत मारून चालू लागला, दोन वाजायच्या आत.

एक गोष्ट पोरांना माहीत नाही.
मागच्या पार्किंगमध्ये त्याची व्हॅन असते,
काच बोटभर उघडी, आत आर्डिस,
नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर घोंगडी.
तासातासाने तो जातो,
उकडलेलं अंडं सोलतो, मीठ लावतो,
तिच्या ओठांशी धरून काहीतरी बोलतो
इतकं हळू, की मला वाटलं
हा दुसराच कुणी माणूस.

यंदा सप्टेंबर कोरडा गेला.
क्वेन्टिन आला, ट्युबा काढला, तीन सूर वाजवले.
मग तोंड पुसून मला विचारलं,
"आले नाहीत?"
मी म्हटलं, मी गवताकडे बघते बाबा.

साहेब म्हणाले, बरी संधी आहे, पेरून टाक.
माती भुसभुशीत केली, बी टाकलं,
वर पेंढा, भोवती दोरी.
ऑक्टोबरात बाळाच्या जावळासारखं हिरवं आलं.

त्याच आठवड्यात तो आला.
व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर फलक,
त्याला पट्टा बांधलेला.

दोरीपाशी थांबून त्याने विचारलं, "हे कधी?"
"तुम्ही नव्हता तेव्हा."
मान हलवली. दोरी ओलांडली नाही.
फलक व्हॅनमध्येच राहिला,
पुस्तकही उघडलं नाही,
नुसता सिमेंटवर उभा, हात कुठे ठेवावेत न कळून.
पोरं जमली. "करा सुरू, म्हातारबा!"
क्वेन्टिनने ट्युबा ओठांना लावला
आणि वाट बघत राहिला.
फ्रीझन बोलू लागला तेव्हा
पुढच्या रांगेतल्यांनाही वाकावं लागलं.
मला एल्मपाशी काही ऐकू आलं नाही.
एवढंच दिसलं, की क्वेन्टिनने ट्युबा
हळूच गवतावर आडवा ठेवला.

बुधवारी उजाडायच्या आत मी दोरी काढली.
कोंब कोवळे होते,
महिनाभर तरी पाय पडू द्यायचा नव्हता.
गोदामात अर्धं पोतं बी पडून आहे.